सांगली-साताऱ्याच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी जीपीएस आणि लॉग: बसवायचा कसा, वाचायचा कसा

गाडी रात्री अडीच वाजता तासवडे टोलनाक्याच्या अलीकडे पाऊण तास उभी होती, एवढं जीपीएस सांगतं. टायर बदलत होते, ड्रायव्हरचा डोळा लागला होता की टाकीत नळी गेली होती, हे ते सांगत नाही. ते माणसाला लिहावं लागतं, आणि त्याच दिवशी लिहावं लागतं. मिरज, कुपवाड, कराड, सातारा पट्ट्यात बऱ्याच गाड्यांत जीपीएसची डबी बसलेली असते, पण तिचा उपयोग फोन करून ‘कुठं पोचलास?’ विचारण्याच्या पुढे जात नाही. डबी नीट बसवली आणि तिच्या जोडीला पाच रकान्यांचा लॉग, म्हणजे रोजची नोंद, ठेवला, तर हॉल्टिंगचं (माल भरता-उतरवताना गाडी अडकून राहिल्याच्या पैशांचं) भांडण, डिझेलचा हिशोब आणि ड्रायव्हरची झोप हे तिन्ही विषय कागदावर येतात.

डबी आकाशाशी बोलत नाही, फक्त ऐकते

‘सॅटेलाइट ट्रॅकिंग’ म्हटलं की डबी थेट उपग्रहाला माहिती पाठवते असा समज होतो. तसं नाही. जीपीएस आणि आपल्या इस्रोच्या नाविक उपग्रहांचे संकेत घेऊन ती स्वतःची जागा काढते आणि ती जागा आतल्या सिमवरून, मोबाइल टॉवरमार्फत, सर्व्हरला कळवते. जागा मिळणं आणि ती पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निम्मे गैरसमज इथेच होतात.

कराडहून चिपळूणला निघालेली गाडी कुंभार्ली घाटात शिरली की रेंज जाते. स्क्रीनवर गाडी कोयनानगरजवळ तासभर ‘थांबलेली’ दिसते. खाली उतरून रेंज मिळाली की मधली सगळी रेघ एकदम उमटते, कारण डबीने जागा साठवून ठेवलेल्या असतात. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यात मात्र उलटं होतं. तिथे वर आकाशच नाही, त्यामुळे जागाच मिळत नाही आणि ते तुकडे नंतरही भरून येत नाहीत. पहिल्या प्रकारात ड्रायव्हरला फोन करून रागावण्यात अर्थ नाही. दुसऱ्या प्रकारात दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त खंड दिसला तर अँटेना तपासा.

थेट उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणंही मिळतात. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती भारतात वापरता येत नाहीत. स्वस्तात दिसली तरी त्या वाटेला जाऊ नका.

घेताना काय बघायचं

माणसं वाहणाऱ्या सार्वजनिक गाड्यांना केंद्रीय मोटार वाहन नियम १२५-एच खाली एआयएस-१४० (गाडीतल्या ट्रॅकिंग डबीचं भारतीय मानक) प्रमाणित डबी आणि आणीबाणीचं बटण लागतं. धोकादायक माल नेणाऱ्या एन२ आणि एन३ वर्गातल्या (साडेतीन टनांवरच्या मालवाहू) गाड्यांसाठीही ही डबी सक्तीची झाली: नवी मॉडेलं १ सप्टेंबर २०२२ पासून, चालू मॉडेलं १ जानेवारी २०२३ पासून. तुमच्या परमिटला काय लागू आहे ते पासिंगच्या आधी आरटीओत विचारून घ्या, मग सातारा एमएच-११ असो, कराड एमएच-५० असो की सांगली एमएच-१०.

सक्ती नसली तरी एआयएस-१४० चीच डबी घ्यावी असं आमचं मत आहे. कारण साधं आहे. या मानकात किमान ४०,००० नोंदी साठवण्याची आणि मुख्य बॅटरी तुटली तरी ४ तास चालण्याची अट आहे. दर १० सेकंदाला एक नोंद धरली तर ४०,००० नोंदी म्हणजे साधारण १११ तास, साडेचार दिवस. रेंज नसलेला कुठलाही घाट यात आरामात बसतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात आणि इंजिन चालू असताना ते २८ च्या आसपास जातात. डबीवर ‘९ ते ३६ व्होल्ट’ असं काहीतरी छापलेलं हवं. मोटरसायकलची स्वस्त डबी ट्रकला लावली की ती जळते. काही वायरमन यावर ‘युक्ती’ करतात: दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढतात. ही युक्ती करू देऊ नका. एकाच बॅटरीवर भार पडतो, दोन्हींचं चार्जिंग असमान होतं आणि सहा महिन्यांत एक बॅटरी बसली म्हणून नवी घ्यायची पाळी येते.

तिसरं सिम. डबीत यंत्रांसाठीचं सिम असतं आणि त्याचा नंबर १३ आकडी असतो, आपल्या फोनसारखा १० आकडी नाही. रिचार्ज कुणाच्या नावावर आहे, कधी संपतो, हे बिलावर लिहून घ्या. सिम संपलं की डबी मुकी होते, बिघडलेली नसते. फक्त टूजीवर चालणारी जुनी डबी असेल तर तिच्यात जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं टूजी नेटवर्कच नाही.

बसवणं

हे काम दीड-दोन तासांचं आहे. घाईत वीस मिनिटांत उरकलं की पुढे वर्षभर निस्तरावं लागतं. हाताशी मल्टिमीटर, २ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, गाडीच्या कामाची वायर, पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप आणि केबल टाय ठेवा.

आधी डबीवरच्या १५ आकडी आयएमईआय नंबरचा फोटो काढा. डबी डॅशबोर्डच्या मागे गेली की तो नंबर वाचायला पुन्हा सगळं उघडावं लागतं.

साधारण तीन ते पाच वायरी येतात: बॅटरीचा प्लस, अर्थिंग, चावीची वायर आणि कधी आणीबाणी बटणाची जोडी. प्लस बहुधा लाल आणि अर्थिंग काळी असते. चावीच्या वायरीचा रंग मात्र कंपनीगणिक बदलतो, म्हणून रंगावर न जाता पुस्तिका बघा.

प्लसची वायर बॅटरी कट-ऑफ स्विचच्या आधी घ्या, म्हणजे बॅटरीच्या बाजूने. स्विचनंतर घेतली तर ड्रायव्हरने मुक्कामाला कट-ऑफ पाडला की डबीला वाटतं कुणीतरी वायर तोडली, आणि मालकाला रात्री अकराला ‘पॉवर कट’चा मेसेज जातो. फ्यूज बॅटरीच्या जवळ, एका वीतभर अंतरात लावा. डबीजवळ लावलेला फ्यूज मधली वायर घासून शॉर्ट झाली तर काही वाचवत नाही.

अर्थिंग चॅसीच्या उघड्या लोखंडावर घ्या. रंग पॉलिश पेपरने घासून काढा, रिंग टर्मिनल दाबून बोल्टला आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. हॉर्नच्या किंवा म्युझिक सिस्टीमच्या अर्थिंगला जोडलेली डबी हॉर्न वाजवला की रीस्टार्ट होते. हा दोष शोधायला वेळ लागतो, कारण गाडी उभी असताना तो दिसतच नाही.

चावीची वायर निवडताना मल्टिमीटर लावाच. चावी बंद असताना ० व्होल्ट, चालू केल्यावर २४ व्होल्ट, आणि सेल्फ मारताना व्होल्ट थोडे उतरले तरी लाइन बंद पडता कामा नये. रेडिओची लाइन सेल्फ मारताना क्षणभर बंद होते. तिला जोडलं तर प्रत्येक सेल्फला लॉगमध्ये एक फेरी संपून दुसरी सुरू होते, आणि दिवसात सतरा फेऱ्या दिसतात.

अँटेना आत असेल तर डबीची ‘वर’ लिहिलेली बाजू खरोखर वर ठेवा, डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली, काचेच्या जवळ. केबिनच्या पत्र्याखाली ठेवू नका. आता एक नाजूक गोष्ट: डॅशबोर्डवर देव असतो. पितळी मूर्ती, स्टीलची चौकट किंवा चांदीच्या पत्र्याचा देव्हारा नेमका अँटेनावर आला तर धातूमुळे संकेत अडतो. हार-फुलं, लिंबू-मिरची यांनी काही होत नाही. देव हलवायला सांगण्यापेक्षा डबी वीतभर बाजूला घेणं सोपं.

चॅसीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी डबीचा फ्यूज काढा. बॉडीच्या कामाला गेलेल्या गाड्यांतल्या डब्या बहुतेक तिथेच जातात.

पहिल्या दिवशीची तपासणी

गाडी उघड्या मैदानात उभी करा, झाडाखाली किंवा शेडमध्ये नको. चावी चालू करून थांबा. पहिल्यांदा जागा पकडायला काही मिनिटं लागू शकतात. मग नकाशावर टिंब कुठे पडतं ते बघा. यात दोन चुका नेहमीच्या.

पहिली वेळेची. उपग्रह जागतिक प्रमाणवेळ देतो, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. सकाळी सहाला निघालेली गाडी लॉगमध्ये रात्री साडेबाराला निघाली असं दिसलं, तर डबी ठीक आहे. सर्व्हरवर +५:३० टाकायचं राहिलंय.

दुसरी चूक जागेच्या आकड्यांची. डबी कधी अंश आणि कला पाठवते, सर्व्हर त्याला दशांश समजतो. सांगली साधारण १६ अंश ५१ कला उत्तर, ७४ अंश ३४ कला पूर्व. हे १६.५१ आणि ७४.३४ असं वाचलं गेलं की सांगलीत उभी गाडी नकाशावर कागल आणि निपाणीच्या मधे कुठेतरी दिसते. खरे दशांश आकडे १६.८५ आणि ७४.५७ आहेत. गाडी सगळीकडेच अशी भलतीकडे सरकलेली दिसत असेल तर विक्रेत्याला हे दोन आकडे सांगा, त्याला लगेच कळेल.

नंतर गाडी पंचवीस-तीस किलोमीटर फिरवून मीटरशी पडताळा. दोन-तीन टक्के फरक चालतो, टायर झिजले की तो बदलतोही. रात्रभर उभ्या गाडीने पाच-सात किलोमीटर ‘कापले’ असतील तर चावी बंद असताना अंतर मोजू नये, ही सेटिंग लावून घ्या. उभ्या गाडीचं टिंब थोडं इकडे-तिकडे हलतच असतं.

डिझेलचा सेन्सर

भांडणं सर्वात जास्त इथेच होतात, म्हणून थोडं सविस्तर.

टाकीत उभी सळी सोडली जाते आणि डिझेलच्या उंचीवरून लिटर काढले जातात. सळी टाकीच्या मधोमध हवी. कडेला असेल तर खंबाटकी चढताना डिझेल मागे सरकतं आणि स्क्रीनवर तीस-चाळीस लिटर ‘गायब’ होतात. घाट संपला की परत येतात. ड्रायव्हरवर चोरीचा आळ येण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. सळीचं टोक टाकीच्या तळापासून १५ ते २० मिलिमीटर वर ठेवा, नाहीतर तळाचं पाणी आणि गाळ सेन्सरला फसवतो.

कॅलिब्रेशन (सेन्सरचा आकडा लिटरशी जुळवणं) करताना गाडी सपाट जागी उभी करा आणि टाकी पूर्ण रिकामी करा. मग २० लिटर टाका, डिझेल स्थिर होईपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा, सेन्सरचा आकडा लिहा. पुन्हा २० लिटर. ३०० लिटरच्या टाकीला असे १५ आकडे होतात. ‘टाकी भरली आणि रिकामी, दोनच आकडे पुरे’ असं सांगणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. टाकीच्या कडा गोल असतात, उंची आणि लिटर सरळ प्रमाणात वाढत नाहीत, आणि फरक नेमका मधल्या भागात पडतो.

चोरीचा इशारा चावी बंद आणि गाडी स्थिर असतानाच वाजेल असा लावा, चालत्या गाडीचा आकडा पाच मिनिटांच्या सरासरीवर घ्या. पंपावर भरल्यावर दहा मिनिटांनी आकडा बघा आणि बिलाशी ताडा.

लॉग: पाच रकाने, त्याच दिवशी

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांना डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा आहे. आपल्याकडे ट्रकला तशी सक्ती नाही, पण कामाच्या तासांची पट्टी जुनी आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ती अशी आखली होती: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांबच्या मार्गांवर मंजुरी घेऊन जास्तीत जास्त १० आणि ५४. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाचं काम विश्रांतीसकट १२ तासांच्या आत. एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत किमान सलग ९ तास मोकळे. लॉग लावताना हेच आकडे मोजपट्टी म्हणून घ्या.

डबी फक्त ‘चालू’ आणि ‘उभी’ ओळखते. ड्रायव्हरने त्यावर कारण टाकायचं: चालवणं, माल (भरणं, उतरवणं, वजनकाट्याची रांग), बिघाड, नाका-पोलीस, विश्रांती. ॲपमध्ये टाका किंवा वहीत, पण हे पाचच रकाने ठेवा. पंधरा पर्याय दिले की ड्रायव्हर सगळीकडे ‘इतर’ दाबतो.

सांगली मार्केट यार्डातून हळद भरून दिल्लीला निघालेल्या गाडीचा पहिला दिवस नमुन्यादाखल असा दिसेल:

०६:०० सांगली मार्केट यार्ड, चालवणं
०९:५५ शिरवळ, विश्रांती
१०:३० शिरवळ, चालवणं
१४:३० नारायणगाव, विश्रांती
१५:०० नारायणगाव, चालवणं
१६:४० संगमनेर, बिघाड, मागचं आतलं टायर पंक्चर
१७:३० संगमनेर, विश्रांती

डबीच्या हिशोबाने गाडी ९ तास ३५ मिनिटं चालली, म्हणजे अजून पंचवीस मिनिटं ओढता येतील. पण पंक्चरची ५० मिनिटं ड्रायव्हर जॅक लावून घामाघूम होत होता, ती विश्रांती नव्हे. ती धरली की काम १० तास २५ मिनिटं होतं. गाडी संगमनेरलाच मुक्कामी राहिली पाहिजे, आणि ९ तास धरले तर रात्री अडीचच्या आत निघता कामा नये. ‘बिघाड’ हा शब्द टाकला नसता तर हाच दिवस कागदावर नियमात बसला असता.

‘माल’ या नोंदीचं महत्त्व वेगळं. कुपवाड एमआयडीसीत किंवा समोरच्या टोकाच्या गोदामात गाडी चौदा तास रांगेत उभी राहिली, तर हॉल्टिंग मागताना पार्टी म्हणते, ‘गाडी उशिराच आली.’ गेटभोवती २०० ते ३०० मीटरची जिओफेन्स (नकाशावर आखलेली हद्द) टाकून ठेवा. आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ आपोआप नोंदली जाते. पन्नास मीटरची टाकली तर टिंब हलल्यामुळे गाडी रात्रभर गेटमधून आत-बाहेर करताना दिसते. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) पोचल्याची वेळ आणि सही घ्यायची सवय सोडू नका. दोन्ही जुळलं की पार्टीला बोलायला जागा उरत नाही.

गाडीवर दोन ड्रायव्हर असतील तर प्रत्येकाला वेगळं कार्ड किंवा ॲपमध्ये वेगळं नाव द्या. एकाच नावावर वीस तास चालवणं दिसणारा लॉग अपघातानंतर दोघांनाही अडकवतो.

ई-वे बिलाशी जोड

साध्या मालाच्या ई-वे बिलाला (माल नेताना जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन कागद) दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. दिल्लीचं अंतर १,६५० किलोमीटर धरलं तर ९ दिवस. पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते आणि त्यासाठी गाडी सध्या कुठे आहे, उरलेलं अंतर किती आणि कारण काय, हे भरावं लागतं. यातलं पहिलं जीपीएस देतं, तिसरं लॉग. म्हणून मुदत संपण्याआधी १२ तासांचा इशारा ऑफिसच्या फोनवर लावून ठेवा. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये नव्या गाडीचा नंबर टाका, आणि लॉगमध्येही त्याच वेळी.

फास्टॅगचा उतारा महिन्याला एकदा लॉगशी ताडा. आणेवाडी, तासवडे, किणी या नाक्यांवरच्या वेळा आणि डबीच्या वेळा पाच मिनिटांच्या आत जुळल्या पाहिजेत. तासातासाचा फरक असेल तर घड्याळ चुकलंय. नाका आहे पण डबीत गाडीच नाही, असं असेल तर फ्यूज काढलेला होता का ते बघा.

नेहमीच्या तक्रारी

गाडी धावतेय आणि स्क्रीनवर बंद: आधी सिमची मुदत, मग फ्यूज, मग चावीची वायर, याच क्रमाने बघा. डबी काढून दुकानात नेणं शेवटी.

दोन आठवडे उभ्या गाडीची बॅटरी उतरते: डबी ५० मिलिअँपिअर घेत असेल तर १४ दिवसांत सुमारे १७ अँपिअर-तास जातात. चांगल्या बॅटरीला हे जाणवत नाही, जुनीला जाणवतं. स्लीप मोड लावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, उसाचा हंगाम संपल्यावर राहते तशी, तर फ्यूज काढून ठेवा आणि तारीख लिहा.

वेगाचे खोटे इशारे: उंच इमारती किंवा पत्र्याच्या शेडजवळ टिंब उडी मारतं आणि क्षणभर १४० दिसतं. मालगाडीचा वेग-नियंत्रक ८० ला लावलेला असताना १४० शक्य नाही. इशारा सलग ३० सेकंद वेग जास्त राहिला तरच वाजेल असा लावा.

अपघात झाला तर त्याच दिवशी मागच्या-पुढच्या एका तासाची कच्ची नोंद उतरवून घ्या, नुसता नकाशाचा फोटो नको. सर्व्हरवर माहिती किती दिवस ठेवली जाते ते विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि दर महिन्याचा लॉग आपल्या संगणकावर उतरवा. त्याची एक प्रत ड्रायव्हरलाही द्या. त्याच्या खासगी फोनवर ट्रॅकिंगचं ॲप टाकलं असेल तर घरी गेल्यावर ते बंद करायची मोकळीक त्याला हवी. गाडीत डबी आहे, माणसाचा पाठलाग करायचं कारण नाही.

गाडी विकताना डबी आपल्या खात्यातून काढा, सिमचं रिचार्ज थांबवा आणि आयएमईआय नव्या मालकाच्या नावावर केल्याचा कागद घ्या. नाहीतर विकलेली गाडी महिनोन् महिने तुमच्याच स्क्रीनवर फिरत राहते आणि नव्या मालकाला पासिंगच्या वेळी तुमच्याकडे यावं लागतं.